मोपा ते हॅलिफॅक्स, हाल्ट धरून

आये,

या आठवड्यात घरात चार वस्तू आल्या. पासपोर्ट आला, व्हिसाचा शिक्का मारून. त्याला सव्वीस दिवस लागले. थंडीचा कोट आला, जावयाच्या मित्राने वापरलेला, पण धड आहे. तो वेंगुर्ल्यापर्यंतच आला होता, घेऊन यायला माझी एक सकाळ गेली. तिकीट आलं; ते बाजारात झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायला पाऊण तास उभी राहिले, कारण पुढे सातबाऱ्याचे कागद घेऊन माणसं होती. आणि चौथा आला तो एक साधा कागद. दुकानातल्या मुलीने आपणहून काढून दिला. म्हणाली, "काकी, एवढ्या लांब जाताय, किती लांब ते बघा तरी." त्यावर दोन विमानतळांची नावं, मोपा आणि हॅलिफॅक्स, मध्ये एक सरळ रेघ, आणि खाली छापलेलं: अंतर बारा हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाचा वेळ चौदा तास चाळीस मिनिटं, दोन्हीकडच्या घड्याळांत फरक साडेआठ तासांचा. या कागदाला काही लागलं नाही, पण तीन दिवस झाले, माझं मन ठिकाणावर नाही ते त्याच्यामुळेच.

पैशांचं सगळं जावई बघतो, त्यामुळे माझ्या हिशेबाच्या वहीत घालायला माझ्याकडे या वेळी तासच उरले. तुझी नात तिकडे कॅनडात हॅलिफॅक्स नावाच्या बंदराच्या गावात असते. तू गेलीस तेव्हा ती शाळेतही जात नव्हती, तुझ्या ओच्यातले शेंगदाणे काढून खायची. तिला आता दिवस भरत आलेत. मी महिनाअखेरीस जायचं असं ठरलं होतं. पण गेल्या आठवड्यात तिकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिचा रक्तदाब वर चढतोय, आम्ही थांबणार नाही, बाळंतपण अलीकडे घेऊ; तारीख दिली ती या येत्या बुधवारची. म्हणून तिकीट अलीकडे ओढलं. आज गुरुवार आहे. परवा, शनिवारी, सकाळी सहाला मी घरातून निघायचं आहे. जावई बंदरावरच्या शीतगृहात कामाला आहे, त्याला रजा चारच दिवस. बाकी तिथे तिचं कोणी नाही.

तो कागद मी देवाजवळ ठेवला, हात जोडले, आणि ह्यांना सांगितलं, चौदा तास चाळीस मिनिटं, म्हणजे आपण सकाळी बसलो तर त्याच रात्री तिथे. हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले हे तुला माहीत नाही, तू असताना अजून नोकरीत होते. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाला धरला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"ह्येच्यात हाल्ट खंय धरलेले आसत?"

मी म्हटलं, "कसले हाल्ट?"

"म्हणजे इमान काय हंयसून उडाला आणि थंय जावन बसला? सरळ रेघ काडल्यानी. रेघेर खंयची गाडी चलता? कुडाळ मालवण सुदा रेघेर नाय जायत. तुजा तिकीट दाखय माका."

मी तिकीट दिलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पेन्सिल कानावरून उतरली नाही. मग माझ्याच वहीचं पान घेऊन त्यांनी जुन्या सवयीने उभ्या रेघा मारल्या: सुटणे, पोचणे, थांबणे. मोपा ते दिल्ली दोन तास चाळीस मिनिटं. दिल्लीत थांबा पाच तास. दिल्ली ते लंडन साडेनऊ तास. लंडनला थांबा सहा तास. लंडन ते हॅलिफॅक्स साडेसहा तास. झाले एकोणतीस तास चाळीस मिनिटं. "आता घरासून धर," म्हणाले. घर ते मोपा दोन तास, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली तर तेही त्यातच. पुढे विमानाच्या आधी तीन तास हजर राहायचं. तिकडे उतरल्यावर शिक्के मारायला एक तास आणि तिच्या घरापर्यंत मोटारीने एक तास वीस मिनिटं. सगळी बेरीज सदतीस तास. त्या कागदापेक्षा बावीस तास वीस मिनिटं जास्त.

"मगे ह्ये बावीस तास कागदार का नाय?" मी विचारलं.

"कारण कागद काडणाऱ्याक खंय जावचा नाय," हे म्हणाले, आणि पेन्सिल परत कानावर ठेवून अंगणात भात वारवायला गेले.

आये, ते बाहेर गेले आणि मी त्या तीन रेघांकडे बघत राहिले. सुटणे, पोचणे, थांबणे. मी आयुष्यभर हिशेब ठेवले. दुधाचे, नारळाचे, कोणाला किती काजू दिले त्याचे, एकादशीपासून एकादशीपर्यंत किती जप झाला त्याचे. पण तुझ्या नावावर मी एक हिशेब लिहिला होता, मनात, चाळीस वर्षांपूर्वी, आणि त्यात थांबण्याची रेघच मारली नव्हती.

तो दिवस तुला मी काय सांगू. पण सांगते, कारण तू तो एका बाजूने पाहिलास आणि मी दुसऱ्या. माझं पहिलं बाळंतपण. रिवाजाप्रमाणे मी आचऱ्याला तुझ्याकडे यायची होते, पुढच्या आठवड्यात तू न्यायला येणार होतीस. तीन आठवडे आधीच, पहाटे चारला, पोटात दुखायला लागलं. सासूबाईंनी शेजारची म्हातारी बोलावली, तिचे हात थरथरायचे. मी एकच धरून बसले, माझ्या आयेक बोलवा. तू वाडीतली निम्मी मुलं स्वतःच्या हातांवर झेलली होतीस. पायाळू मूलसुद्धा तू फिरवून आणलंस हे मी लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. हे पाचला घरातून निघाले, डेपोत गेले आणि आचऱ्याच्या गाडीवर जो ड्रायव्हर होता, ह्यांचा दोस्त, त्याच्या हाती निरोप दिला. निरोप साडेनऊला तुला मिळाला.

माझ्या हातावर घड्याळ होतं. तूच दिलेलं. मी मॅट्रिक झाले तेव्हा आपल्या घरात घड्याळ नव्हतं. बाबा होडी लोटायचे ते पाण्याकडे बघून, तू बाजाराला निघायचीस ती सावलीकडे बघून. पेपरात नंबर छापून आला त्या दिवशी तू मासे विकून मालवणातून परत आलीस, रिकामी पाटी खाली ठेवलीस, पाटीत केळीचं पान, पानाखाली चावीचं घड्याळ. हात धुतलेस, लिंबाने चोळलेस, तरी ते मला स्वतः बांधलं नाहीस, म्हणालीस, "माज्या हाताक वास आसा. तूच बांद." आणि मग स्वयंपाकघरात आडाळ्यावर बसून बांगडे साफ करता करता दर थोड्या वेळाने विचारत होतीस, "किती वाजले गो?" तुला वेळ नको होती, मी घड्याळ बघताना तुला बघायचं होतं. ते मला तेव्हा कळत होतं. कळूनही मी वैतागल्यासारखं करायचे.

तर त्या घड्याळात बघत मी दिवसभर तुझी वाट मोजली. कळ आली की बघायची, गेली की बघायची. आचरा मालवण एक तास. मालवण ते देवबाग पाऊण तास. कर्लीच्या खाडीत तरीची होडी अर्धा तास. या काठाला उतरून चिपीच्या माळावरून आमच्या घरापर्यंत पायी दोन तास. सव्वाचार तास. साडेनऊला निरोप, म्हणजे पावणेदोनला आये दारात. पावणेदोन झाले. तीन झाले. चार झाले. पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगा झाला. पावणेसहाला गेला. रडलाही नाही नीट, मांजरीच्या पिल्लासारखा आवाज केला दोनदा.

तू सातला आलीस. दिवेलागण झाली होती. तुझे पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीने भरलेले, डोक्यावर गाठोडं, त्यात डिंक, आळीव, जुनी मऊ लुगडी. आणि अंबाड्यात चाफ्याचं एक फूल, देवळातलं. ते फूल मी आधी पाहिलं. तू उंबऱ्यावरच थांबलीस, सासूबाईंच्या तोंडाकडे बघून तुला कळलं. आणि मी खाटेवरून मनगट वर करून तुला घड्याळ दाखवलं.

"सात वाजले," मी म्हटलं. "आता कशाक इलंस? थंयच देवळात कौल लायत बसान रवाचा होता."

तू अंबाड्यातलं फूल काढलंस, दाराबाहेर जाऊन तुळशीत ठेवलंस, आणि चुलीजवळ जाऊन पाणी तापवायला घेतलंस. चाळीस दिवस राहिलीस. माझं न्हाणंधुणं केलंस, शेक दिलास, पेज भरवलीस, रात्री माझ्या पायाशी निजलीस. आणि त्या चाळीस दिवसांत एकदाही मला किती वाजले ते विचारलं नाहीस.

मी तशी का बोलले ते तुला ठाऊक आहे. आपल्या गावात लांबच्या वाटेला निघायचं तर ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, त्यातून बाळंतिणीकडे जायचं तर नाहीच. गुरवाने आंघोळ करायची, सोवळं नेसायचं, देवाच्या अंगाला उजवीडावीकडे फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि मग बसायचं, पाकळी पडेपर्यंत. उजवी पडली तर जा. डावी पडली तर परत गाऱ्हाणं, परत बसायचं. कधी एक तास, कधी दोन, आमच्या आत्याच्या वेळी सकाळची दुपार झाली होती. सव्वाचार तासांच्या वाटेला साडेनऊ तास लागले, वर सव्वापाच तास उरले, आणि तुझ्या डोक्यात देवळातलं फूल. मला दुसरा पुरावा नको होता. माझी आई देवाला विचारत बसली आणि माझं मूल गेलं. मी देवावर रागावले नाही, आये. देवावर रागवायची मला भीती वाटली. मग तू होतीसच.

परवा त्या तीन रेघा बघितल्या आणि संध्याकाळी ह्यांना विचारलं. भाताच्या पेंढ्या रचत होते. मी म्हटलं, त्या साली मालवणात उतरल्यावर देवबागची गाडी कितीला होती? ह्यांना गाड्या विचाराव्यात. बायकोची जन्मतारीख विसरतील, सुटण्याची वेळ नाही.

"दिसाक तीन. सकाळी आठ, दुपारी सव्वा एक, सांजेक साडेपाच. कित्याक?"

मी सांगितलं कशासाठी. ह्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुजी आवस साडेधाच्या गाडयेक होती. माज्या दोस्ताच्या गाडयेत. निरोप दिल्यान ना, तो थंयच आचऱ्याक तासभर हाल्टिंगाक होतो. गाडी सुटताना ही धावत इली. धावत. त्येना ब्रेक मारल्यान."

"तुम्ही माका ह्या कधी सांगलास नाय."

"तू कधी इचारलंस?"

चाळीस वर्षं. एका घरात, एका चुलीवर. तू कधी इचारलंस. त्यांचंही मूल होतं ते. त्या दिवसाबद्दल या घरात कोणीच कोणाला काही विचारलं नाही.

मग मी वही घेतली. आचऱ्याला गाडी साडेदहाला सुटली, मालवणात साडेअकराला. देवबागची सव्वा एकला. म्हणजे मालवणच्या स्टँडवर पावणेदोन तास थांबा. देवबागला उतरलीस दोनला. आता खाडी. इथे मी अडले, कारण खाडीचं वेळापत्रक ह्यांच्याकडे नसतं. आणि मग मला आठवलं की ते माझ्याकडे आहे, तूच दिलेलं आहे, घड्याळाच्याही आधी. तू मला पाण्याची गुणाकाराची रीत शिकवली होतीस, मी चौथीत असताना, पाढे येतात का बघायला: तिथीचे तीन पट करून चाराने भाग, भरतीची वेळ येते. त्या दिवशी एकादशी होती. मला पक्कं आठवतं, सासूबाईंचा उपास होता, त्या रताळं उकडत होत्या. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. सव्वाआठला भरती. म्हणजे सव्वादोनला पूर्ण सुकती. तू दोनला काठावर पोचलीस, आणि समोर खाडी कोरडी पडायला आलेली, तरीची होडी चिखलात रुतून बसलेली. तिथे देवाची पाकळी नव्हती, काही नव्हतं. पाणी चढेपर्यंत बसायचं. होडी सुटायला अडीच तास तरी गेले असणार. साडेचार. अर्धा तास तरीत. पाचला या काठाला उतरलीस. पुढे माळावरून दोन तास. सात.

पावणेदोन तास स्टँडवर, अडीच तास पाण्याकाठी. सव्वापाचातून हे सव्वाचार गेले. उरला एक तास, साडेनऊ ते साडेदहा. त्या एका तासात तू पाटी दुसऱ्या कोणाच्या हवाली केलीस, घरी गेलीस, डिंक आळीव बांधलंस, लुगडी काढलीस, देवळात गेलीस, आणि धावत स्टँडवर आलीस. आपल्या घरापासून देऊळ चालत पंधरा मिनिटं. देवळात तुला दहा मिनिटं मिळाली असतील, फार तर.

दहा मिनिटांत कौल होत नाही, आये. गुरवाची आंघोळसुद्धा होत नाही.

हे मी परवा लिहिलं आणि तेव्हापासून घरात नुसती फिरते आहे. दूध उतू गेलं, ते माझ्याकडून आजवर कधी गेलं नव्हतं. पूजेला बसले तर दोनदा तोच श्लोक म्हटला. कोट घालून बघितला, काढला, परत घातला, हे म्हणाले, "ऑक्टोबरात कोट घालून भात झोडतलंस काय?" मला हसू आलं नाही. हा शेजारचा चिपीचा माळ, जो तू पायी तुडवलास, त्यावर आता विमानतळ झालाय. काळी गुळगुळीत पट्टी आहे. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेरून बघतो. तू जिथून चाललीस ती पायवाट त्या पट्टीच्या बरोबर खाली असणार. माझं विमान इथलं नाही, मोपाचं आहे, पण मला सारखं वाटतं की मी वर गेले की खाली कुठेतरी तू डोक्यावर गाठोडं घेऊन चालत असशील, आणि वेळेवर पोचायची धडपड करत असशील, आणि माझं मूल झालंय की गेलंय हे तुला माहीत नसेल.

आता तुला लिहायचं खरं कारण. सोमवारी मी आमच्या इथल्या देवळात गेले, कौलाचं विचारायला. गुरवांच्या घरात सुतक. त्यांचे काका गेले. सगळे गुरव एकाच कुळातले, त्यामुळे कौल लावायला कोणीच नाही. दिवा लावायला दुसरे मानकरी आहेत, पण देवाच्या अंगाला हात त्यांनी लावायचा नाही. गुरवांची म्हातारी आई पडवीत बसली होती, लांबूनच बोलली.

"पुडल्या गुरवारी फिटता सुतक. मगे ये."

"माका शनवारी जावचा आसा गो काकी. चेडवाचा बुदवारी आसा."

"मगे दिवस फुडे ढकल."

"बाळंतपण कसा ढकलतलंय?"

"तिकीट ढकल," ती म्हणाली. मग पदर सावरत, "माका काय इचारतंस? मी काय देव?"

पुढचा गुरुवार. बुधवारनंतरचा दिवस. मी देवाला विचारायला थांबले तर मी तुझ्यासारखीच पोचणार, म्हणजे मी ज्याबद्दल तुला बोलले तशी, सगळं झाल्यावर. आणि न विचारता गेले आणि काही कमीजास्त झालं, तर? माझं सगळं आयुष्य विचारून चाललंय. विहीर खणायला विचारलं, म्हैस घ्यायला विचारलं, ह्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला विचारलं. पोरगी तिकडे गेली तेव्हा विचारलं, आणि पाकळी उजवी पडायला तीन वेळा गाऱ्हाणं घालावं लागलं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

आणि मग मला दुसरा दिवस आठवला. पोरीच्या वेळचा. पहिल्यानंतर आठ वर्षांनी. तू आठ दिवस आधीच येऊन बसली होतीस. खाटेशेजारी चटई टाकलीस आणि जणू तरीची वाट बघतेस अशी बसून राहिलीस. मी तुला विचारलं, जरा टोचूनच, "कौल घेतलंस?" तू वातीला कापूस पिंजत होतीस. वर न बघता म्हणालीस, "इचारूक नाय. सांगान इलंय." विचारलं नाही, सांगून आले. मला तो उद्धटपणा वाटला. मला वाटलं, म्हातारपणी आये नास्तिक झाली. पुढे भावाच्या लग्नातही कौलाच्या वेळी तू गाभाऱ्यात आली नाहीस, बाहेर दीपमाळेशी उभी राहिलीस, सगळ्यांना वाटलं चपला सांभाळतेस. तू देवळात जायचीस, नारळ ठेवायचीस, हात जोडायचीस. फक्त परत कधी काही विचारलं नाहीस. त्याचा अर्थ मी तू गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी एका झेरॉक्सच्या कागदामुळे लावते आहे, आणि तो बरोबर आहे की नाही तेही मला कळत नाही.

कारण दोन गोष्टी होऊ शकतात. एक, त्या दिवशी तू देवळात गेलीस, गुरव भेटला नाही किंवा थांबायला वेळ नव्हता, पायरीवरचं फूल उचललंस आणि देवाला नुसतं सांगून धावलीस. किंवा दुसरी. गुरव तिथेच होता, आंघोळ झालेली, सोवळ्यात. पाकळ्या आधीच कोणासाठी लावलेल्या. तू विचारलंस, आणि चटकन पडली. डावी. आणि तू ती डोळ्यांनी बघितलीस आणि तरी धावत सुटलीस, साडेदहाची गाडी पकडायला. मग पाण्याकाठी अडीच तास तू काय विचार केला असशील, आये? आणि उंबऱ्यावर आल्यावर मी तुला घड्याळ दाखवलं. तू चाळीस दिवस, आणि नंतर सगळी वर्षं, हेच धरून राहिलीस का, की तू देवाचं ऐकलं नाहीस म्हणून ते मूल गेलं? मी म्हणत होते तू देवाला विचारत बसलीस म्हणून गेलं. दोघींनी एकाच मुलासाठी तुलाच दोषी धरलं, दोन उलट्या कारणांनी, आणि एका खोलीत निजलो.

वही माझ्यासमोर आहे. तुझ्या पानावर मी आज नवी रेघ मारली, थांबणे, आणि त्यात सव्वापाच तास लिहिले. वर उरलेले काही नाही. इतकं मी करू शकले.

आज सकाळी सहाला पोरीचा फोन आला, तिकडे काल रात्रीचे साडेनऊ. पडद्यावर तिचं तोंड सुजलेलं दिसत होतं. मराठी बोलता बोलता दमली की ती मालवणीत येते, लहानपणासारखी. "आई, तू शनवारी येतंस ना नक्की?" मी म्हटलं येतंय. "हाल्ट धरून सदतीस तास," म्हटलं, "तुज्याकडच्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता पोचतंय." ती हसली, म्हणाली, बाबांनी टाइमटेबल काढलेला दिसता. मग हसू थांबवून, एकदम हळू, जावयाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "आणि कौल झालो?"

ती तिकडे मोठ्या शिक्षणाची माणसं, यंत्रं, डॉक्टरीणबाई, सगळ्यांत आहे. पण ती माझ्या हाताखाली वाढली. तिला रक्तदाबाचा आकडा पाठ आहे आणि तरी पाकळी कुठे पडली ते हवं आहे.

मी म्हटलं, "झालो. उजवो पडलो. लगेच."

"खरां?"

"खरां गो. झोप आता."

आये, मी देवाच्या नावाने खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. फोन ठेवला आणि वाट बघितली की काहीतरी होईल, दिवा विझेल. काही झालं नाही. मांजर आलं, दूध मागून गेलं. मी हे तुलाच सांगते आहे, ह्यांनाही सांगितलेलं नाही.

उद्या सकाळी मी देवळात जाईन. आत जाणार नाही. पायरीशी नारळ ठेवीन आणि माझं मीच, मनातल्या मनात, सगळे हाल्ट धरून सांगेन: घर, इन्सुली, मोपा, दिल्ली, लंडन, हॅलिफॅक्स. एकही थांबा गाळणार नाही. विचारणार नाही. तुझे शब्द वापरीन. आणि शनिवारी निघेन. कोट घेतलाय, डिंक आळीव बांधलंय. ह्यांनी बजावलंय की विमानतळावर विचारलं तर औषध म्हणू नकोस, खाऊ म्हण. घड्याळ बंद पडून वर्षं झाली, पण तेही पिशवीत घातलं आहे. साडेआठ तासांचा फरक त्याला कळायचा नाही. राहू दे.

एवढंच कळव. त्या दिवशी पाकळी पडली होती का, आणि पडली असली तर कुठे. उजवी असली तरी सांग, डावी असली तरी सांग, विचारलंच नव्हतं तरी सांग. मी तुला काही म्हणणार नाही. हे पाकीट मी चिकटवणार नाही, कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पण शनिवारी सकाळी सहापासून सदतीस तास मी वाटेत आहे, त्यातले पुष्कळ नुसते बसायचे आहेत. तेवढ्यात उलट टपाली कळव.